चाश्तीच्या कातळावरचा दोर

पाहुणेमंडळी, सावंड्याच्या खाडीत धक्क्याखाली तो सपाट काळा कातळ दिसतो ना, त्याला चाश्तीचा कातळ म्हणतात. तिथल्या खुंट्याला होडी लावणारा, मग तो हिंदू असो वा मुसलमान, दोराला गाठ मारत नाही, नुसता वेढा घालतो. तो अनाडीपणा नव्हे.

फार पूर्वी लतीफ नाखवा इथे तर चालवी, माणसे खाडीपार नेई, असे सांगतात. त्याचा एकुलता लेक याकूब गलबतावर गेला तो परतेना. पाच वेळची फर्ज, म्हणजे बंधनाची, नमाज लतीफ पढतच होता. तिला बांग होते, माणसे जमातीने एका रांगेत उभी राहतात. लेकासाठी त्याने वर नफल धरली, म्हणजे आपखुशीची नमाज. सूर्य चांगला वर आला, चाश्तीची वेळ झाली, की वजू करायचा, हातपाय-तोंड धुवायचे, आणि कातळावर पश्चिमेला तोंड करून चाश्तीच्या दोन रकाती, म्हणजे नमाजेची दोन आवर्तने, पढायच्या. हिला कोणी बोलावीत नाही, चुकली तर कोणी विचारीत नाही. पण एक दिवस जरी मोडली तर लेक परतायचा नाही, हे त्याने आपणच ठरवून टाकले. देवाशी सौदा करायची माणसाला खोडच असते.

एका सकाळी तो नमाजेत उभा असताना पलीकडून भागीरथी नावाच्या बाईची हाक आली. "नाखवानू, तर हाडा. पोराक पान लागला." आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात. वैद्य अलीकडे, पोर पलीकडे. लतीफचे काळीज दोन्हीकडून ओढले गेले. शेवटी त्याने नमाज मोडली आणि होडीकडे धावला, तर दोराची ओली गाठ सुटेना. कोयत्याने दोर तोडला, म्हणे.

पोर वाचले. लतीफ मात्र रडत बसला. याकूबला आपल्याच हाताने बुडवले असे त्याला वाटले. तेव्हा त्याची बायको जुलेखा म्हणाली, "नफल तुमच्या खुशीची होती. त्या बाईची हाक खुशीची नव्हती. उठा, वजू करा, परत पढा."

तोवर भरती आली होती. एरवी भरतीला कातळ बुडतो. त्या दिवशी पाणी वळसा घालून गेले आणि माथा कोरडा राहिला. लतीफने दोन रकाती पुऱ्या केल्या, उजवीडावीकडे सलाम फिरवला आणि समोर पाहिले, तर खाडीच्या तोंडाशी शीड. ते याकूबचेच, असे माझी आई सांगे. वडील म्हणत, तो पुढच्या मोसमात आला. आला, यावर मात्र दोघांचे एकमत होते.

आजही चाश्तीच्या वेळी कातळावर कोणी ना कोणी उभा असतो आणि त्याच्या होडीचा दोर एका झटक्यात सुटेल असाच असतो. पलीकडचा माणूसही हाक मारण्याआधी कातळाकडे बघतो. नड नसेल, तर सलाम फिरेपर्यंत तो काठावर बसून राहतो.