गेनू भोयाची हाक

परवा गेनू भोयाची पणती प्रणिता पुण्याहून आली. पणजोबा महायुद्धात होता म्हणून तिनं त्याला बंदूकवाल्या शिपायांच्या याद्यांत शोधलं होतं. सापडणार कुठून? गेनूनं आयुष्यात बंदूक धरली नव्हती. तिला पारावर बसवलं आणि सांगितलं, ते तुम्हीही ऐका.

फार मागं, कारंबवाडीला रस्ता नव्हता, तेव्हा आजारी माणूस घाटाखाली डोलीतूनच जायचा. बांबूला झोळी बांधायची, दोघांनी खांदा द्यायचा. पुढचा वाट सांगायचा : दगड, चिखल, उतार. मागच्याला वाट दिसायची नाही, तो नुसता हुंकार द्यायचा. पुढच्यानं मात्र वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा हलतो आणि झोळीतला जीव कळवळतो. भोयांचा नियमच होता तो.

पुढं गेनू, मागं त्याच्या बहिणीचा नवरा कुशा. यांच्या डोलीत अडलेली बाईसुद्धा डुलकी काढायची, असं म्हणतात. हे जरा जास्तच झालं, पण आम्ही तसंच सांगतो.

पहिलं महायुद्ध पेटलं. सरकारला जखमी उचलणारी माणसं हवी होती. सक्ती नव्हती. गेनू म्हणाला, "मानूस उचलायचं काम आपलंच की." कुशाही निघाला. गेनूची बहीण हौसा भावाला म्हणाली, "नेतोयस तसं त्यास्नी माघारी आण. मला दुसरं काय नगं." गेनूनं शब्द दिला.

तिकडं इराकात, बसऱ्याच्या पलीकडं दोघांनी एक जखमी शिपाई उचलला. गोळ्या येत होत्या. गेनू वाट सांगत होता, मागून हुंकार येत होता. दवाखान्याच्या तंबूपाशी ओझं टेकवून गेनू वळला, तर मागं कुणीच नाही. कुशा पार मागं, ओढ्याच्या काठावर मरून पडला होता. मग तिथून पुढं खांदा कुणी दिला? कुशानंच, असं म्हणतात. मेल्यावरही त्यानं ओझं टाकलं नाही.

गेनू एकटा परतला. हौसानं एवढंच विचारलं, "एकदा तरी वळून बघितलंस व्हय?"

"न्हाई," गेनू म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. गेनूनं डोली सोडली नाही, पण नियम मोडला. घाटाच्या दर वळणावर तो थांबायचा, मागं वळायचा आणि विचारायचा, "दाजी, हायसा न्हवं?" मागं जो असेल तो म्हणायचा, "हाय." लोक आधी हसले. मग हसायचे थांबले.

पुढं म्हातारपणी हौसाला तापानं घेरलं. तिची डोलीही गेनूनंच उचलली. पहिल्या वळणावर तो थांबला, वळला, त्यानं विचारलं. मागचा बोलायच्या आत झोळीतून आवाज आला, "हायती, दादा. चल."

इतक्या वर्षांनी ती बोलली, ती एवढंच. गेनू तिथंच ढसाढसा रडला. पण डोली खाली ठेवली नाही, असं म्हणतात.

आता रस्ता झालाय. तरी दरड कोसळली की डोली निघते, आणि पुढचा माणूस वळणावर थांबून तेच विचारतो. परवाही दरड कोसळलीच होती. पाटलांची आजारी म्हातारी घाटाखाली उतरवायची होती आणि मागं माणूस कमी पडला. प्रणितानं खांदा दिला. वळणावर हाक आली, "दाजी, हायसा न्हवं?"

तिला कुणी शिकवावं लागलं नाही. "हाय," ती म्हणाली.