नमुन्याची भिंगरी

एका बंदरगावातली गोष्ट. एका सुताराच्या फळीवर लाकडी खेळणी राहत. ती परदेशात विकायची, तर मुलांना त्यांच्यापासून धोका नाही असा दाखला लागे. त्यासाठी एक खेळणं आधी तिकडे तपासणीला पाठवायचं होतं.

"मी जाते! सगळ्यांच्या आधी समुद्र बघेन," लहानगी भिंगरी म्हणाली.

तपासणीत खेळणं आपटतात, ओढतात, शेवटी जाळूनही बघतात, हे म्हाताऱ्या हत्तीच्या कानावर आलं होतं. पण सांगितलं तर आपल्यालाच पाठवतील, या भीतीने तो गप्प बसला. "जपून जा गं," एवढंच म्हणाला.

महिन्याभराने दाखला आला. पेटी भरताना बाहुलीने विचारलं, "आजोबा, भिंगरी तिकडे भेटेल ना?"

"भेटेल," हत्ती म्हणाला. मग तो पेटीच्या तळाशी, सगळ्यांकडे पाठ करून बसला.