ठकूमायचं निवलेलं खत

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा सूर्य नेमका कासराभर वर आला होता. आजच्या घड्याळात सकाळचे सात म्हणा. साल मात्र फार जुनं. आंबेदरीच्या साळूनं बांधावरून धाकट्या जावेच्या, ठकूच्या, वाफ्यात डोकावलं. ठकूची वांगी तुकतुकीत, हिची मरगळलेली. चंपाषष्ठीला खंडोबाच्या भरतासाठी ज्या घरची वांगी जात, त्या घरच्या बाईला गावात मोठा मान. तीन वर्षं तो ठकूलाच मिळत होता.

"थोरली मी, आणि मिरवायचं हिनं!" साळू धुसफुसली.

ठकू शेण, पालापाचोळा, राख खड्ड्यात घालून महिनोन्‌महिने कुजवायची. साळूला कुठला तेवढा धीर? हिनं चार पाट्या घातल्या तर मी चाळीस घालते, म्हणाली, आणि गोठ्यातलं ताजं, वाफाळतं शेण रोपांच्या बुडाशी थापून मोकळी झाली.

चौथ्या दिवशी रोपं करपली. आणि असं म्हणतात, भर उन्हात साळूच्या वाफ्यातली सगळी गांडुळं वर आली, तांबड्या दोऱ्यांसारखी, आणि बांध ओलांडून ठकूकडे निघाली.

"गांडुळंसुद्धा तिचीच का रे देवा!" साळूनं टाहो फोडला.

ठकू धावत आली. "अक्का, लेकराला कढत घास भरवतेस का गं? मातीतली लेकरं भाजली की!" तिनं साळूचा हात धरला आणि आपल्या खतात कोपरापर्यंत घातला. "एक ओवी म्हण. संपेपर्यंत हात आत राहिला, तर खत निवलं समज."

साळूनं रडत रडत ओवी म्हटली. आत गारेगार होतं. ठकूनं तिचं शेण उपसून काढलं आणि आपलं अर्धं खत तिच्या वाफ्यात पसरलं. गांडुळं आल्या वाटेनं परत गेली आणि करपल्या खोडांना धुमारे फुटले, असं म्हणतात. मान मात्र त्याही वर्षी ठकूलाच गेला.

ठकू वारली त्या दिवशी गावभरच्या वाफ्यांतली माती कुदळ न लावता भुसभुशीत झाली, असंही म्हणतात. तेव्हापासून आंबेदरीची बाई भाजीला खत घालण्याआधी त्यात हात घालून ठकूमायच्या नावानं ओवी म्हणते. म्हातारी साळू ते ऐकून फणकारायची, "नाव तिचं घेतात मेल्या! हात कुणाचा होता आत?" म्हणून शेवटी साळूमायचंही नाव घेतात. विसरलं तर वांगी रुसतात.

तुमच्या शेजारची कुणी ताजं शेण घेऊन रोपांकडे निघाली असेल, तर तिला एवढं सांगा, आणि तिलाही म्हणा, पुढच्या बाईला सांग.