मेख्टिल्डचा पाव

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिंडेनव्हर्ट गावी गेलात, तर बेकरीच्या फळीवर मोठमोठ्या अक्षरांचे ठसे उमटलेले पाव दिसतील. कुठल्या अक्षरात घंटा, कुठल्यात कोंबडा, कुठल्यात मासेवाली. पाहुणे फोटो काढत सुटतात. मग गावातल्या ओटिलिया आजी काठी आपटून म्हणतात, "आधी ऐका, मग काढा."

चारशे वर्षांपूर्वी इथे वेंडेल नावाचा अक्षरकार राहत असे. छापखान्यांसाठी तो नासपतीच्या लाकडी ठोकळ्यांत अक्षरे आणि चित्रे कोरी. एक रेघ वाकली तरी आठवड्याचे काम चुलीत घालणारा माणूस. स्वतःसाठी त्याने जी वर्णमाला कोरायला घेतली, तिच्या प्रत्येक अक्षराच्या पोटात गावातले कुणीतरी होते. 'एम'मध्ये त्याची बायको मेख्टिल्ड वाटाणे सोलत बसली होती. ती साथीत गेली, आणि तिचा चेहरा तेवढ्या ठोकळ्यावर उरला. शेवटचे अक्षर मनासारखे होईपर्यंत एकही पान छापायचे नाही, हा वेंडेलचा हेका. त्या हेक्यापायी वीस वर्षे गेली, म्हणे.

मग युद्ध आले. ऐन हिवाळ्यात सैन्याने गावाला वेढा घातला. कोठारात पीठ होते, पण सरपण संपले. कुंपणे जळाली, बाके जळाली, रिकामे पाळणेही जळाले. वेंडेलने आपले टेबल दिले, कागद दिला, छापायचे लाकडी यंत्रसुद्धा दिले. शेवटी बेकरीवाली उर्सेल त्याच्या दारात आली.

"मास्टर, मागायला जीभ रेटत नाही. पण भट्टी गार पडतेय, नि कच्चं पीठ खाऊन पोरं आजारी पडतायत."

"माझा जन्म गेलाय यात, उर्सेल."

"ठाऊक आहे. माझी आई आहे तुमच्या 'ए'मध्ये."

वेंडेल उठला. तो टोपल्या भरभरून ठोकळे बेकरीत नेऊ लागला. आगीत टाकण्याआधी प्रत्येक ठोकळा तो एका पावाच्या कच्च्या पिठावर दाबी. कागदावर उमटायचे राहून गेले, निदान इथे तरी उमटू दे, असे त्याला वाटले असावे. 'एम' मात्र त्याने कोटात दडवला होता.

शेवटचा घाणा भट्टीत जायचा होता आणि निखारे विझत आले. वेंडेलने बराच वेळ त्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग ठोकळा पिठावर दाबला आणि आगीत टाकला. असे सांगतात की तळहाताएवढा तो तुकडा सगळा घाणा भाजून होईपर्यंत जळत राहिला.

दुसऱ्या आठवड्यात वेढा उठला. वेंडेलने पुन्हा पटाशी धरली, पण मेख्टिल्ड काही उतरेना. नाक जमे, हसू जमत नसे. दर हिवाळ्यात तो नवा ठोकळा कोरी, पावावर दाबी आणि भट्टीत टाकी. तो गेल्यावर ते काम गावाने उचलले.

आजही 'एम'चा पाव विकत मिळत नाही. त्या वर्षी ज्याचे माणूस गेले असेल, तो स्वतःच्या हाताने ठोकळा कोरतो. कोरता येत असो वा नसो, कुणी हसत नाही. ठसा उमटला की ठोकळा आगीत जातो आणि पाव त्याच्या घरी.

यंदाचा पाव आजींच्या पिशवीत होता. त्यांनी फडके जरासे बाजूला केले. आत एक वाकडातिकडा म्हातारा होता.

"चष्मा तेवढा जमलाय," त्या म्हणाल्या आणि गार व्हायच्या आत घरी निघाल्या.