रांगेत लिहिलेली गोष्ट

एका डोंगराच्या कुशीत जंगल होतं, आणि त्या जंगलात, पार वरच्या कपारीत, एक सायाळ आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. सायाळ म्हणजे ती बरं का बाळांनो, अंगभर काळे-पांढरे काटे असतात ती. चालली की खुळखुळ वाजते. तिचं थोरलं पिल्लू तुरुतुरु पळे. धाकट्याच्या पायात मात्र बाभळीचा काटा मोडला होता आणि तो पाय अधू राहिला होता. पाणी तर खाली, डोंगराच्या पायथ्याच्या डोहात. रोज दिवस कलला की तिघं उतरायला लागत. धाकटं चार पावलं टाकी, बसे, पुन्हा उठे. आईनं पाठीवर घ्यावं, तर पाठभर काटे.

"आई, पाणी आपल्याकडे का नाही गं येत?" ते विचारी.

"येईल हो राजा. तोवर आपण जाऊ त्याच्याकडे," आई म्हणे आणि तोंड फिरवून डोळे पुसून घेई.

डोहाच्या अगदी काठाला एक जुना उंबर होता. त्याच्या मुळांखाली कोरडं, ऐसपैस बीळ होतं. त्या बिळात जंगलाच्या गोष्टीवाल्यानं राहायचं, अशी तिथली रीत. म्हातारा कोल्हा तिथे राहून गोष्टी सांगे. तो गेला, आणि त्याच्या गोष्टीही त्याच्याबरोबर गेल्या. म्हणून होळीच्या दिवशी हत्तीणआजीनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "यंदा गोष्ट लिहिलेली हवी. वैशाखी पुनवेला जो पुरी गोष्ट वाचून दाखवील, त्यानं आपल्या पोराबाळांसह उंबराखाली राहायला यावं."

मोर पुढे आला. "लिहीन मी. पण दोन महिने मला कुणी काम सांगू नका. सवडीशिवाय कुठे गोष्ट सुचते का?" सगळ्यांना ते पटलं. मोराच्या वाटणीचं काम साळुंक्यांनी उचललं, आणि पाण्याच्या रांगेत उभं राहण्यातूनही त्याला सूट मिळाली.

सायाळीला कुठली आलीय सवड? सकाळी कंद उकरायचे, दुपारी बीळ सारवायचं, धाकट्याचा पाय चोळून द्यायचा. थोड्या वेळानं बघावं तर निघायची वेळ झालेली. तिच्या हक्काचा वेळ एकच, तो पाण्याच्या रांगेतला. उन्हाळ्यात डोह आटलेला असे. आधी मोठ्यांनी प्यायचं, मग धाकल्यांनी; आणि सायाळीचे काटे टोचतात म्हणून तिनं सर्वांच्या शेवटी. नंबर येईस्तोवर सूर्य मावळायला टेके. बाकीचे त्या वेळात जांभया देत, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सायाळीनं रांगेत बसून आपलाच गळालेला एक काटा उचलला. बिब्ब्याचा काळा रस घेतला, जो एकदा लागला की धुऊनही जात नाही. पळसाचं एक वाळकं पान मांडीवर घेतलं आणि चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी दुसरं पान. पानं हरवू नयेत म्हणून ती एकाला एक बारीक काडीनं टाचून ठेवी.

वरून माकड खिदळलं. "काय सायाळताई, पत्रावळी लावताय? लग्न कुणाकडे आहे?"

"आहे एकाकडे. तुम्हाला आमंत्रण येईल, भाऊ," सायाळ म्हणाली आणि मान खाली घालून लिहीत राहिली.

एखाद्या दिवशी पान भरे. एकदा धाकट्याचा पाय सुजला, तेव्हा एकच ओळ झाली. तिनं तीही टाचून ठेवली.

तिकडे मोरानं पहिल्यांदा बसायचा दगड झाडला. मग तो दगड उन्हात येतो म्हणून दुसरा शोधला. मग रस खलला. तो चांगला मुरू दे म्हणून चार दिवस थांबला. तोवर रस घट्ट झाला, म्हणून नवा खलला. "अजून महिना आहे," तो म्हणे. नंतर म्हणायला लागला, "अजून आठवडा आहे."

पुनव आली. सगळे डोहाकाठी जमले. मोर उभा राहिला, पिसारा फुलवला, घसा साफ केला. "गोष्टीचं नाव फार सुंदर सुचलंय," तो म्हणाला. "पुढचं सुचायला थोडी सवड..." म्हणता म्हणता पिसारा आपोआप मिटला.

मग सायाळ हळूच पुढे आली. तिनं बरोबर आणलेली पानांची चवड उलगडली, तर पळसपानांची लांबच लांब माळ झाली. ती वाचू लागली. पाडसाला आधी पाजून स्वतः तहानेली माघारी जाणारी हरिणी त्यात होती. उन्हात उभं राहून आपल्या सावलीत सशाला घेणारा गवा होता. माकडसुद्धा शेपटी आवरून बसलं. शेवटच्या पानावर एक थोरली हत्तीण होती. पाणी पिऊन झालं की ती उलट्या पावलांनी, अगदी सावकाश बाहेर येई, गाळ ढवळू नये म्हणून, मागच्यांना निवळ पाणी मिळावं म्हणून.

हत्तीणआजीनं सोंडेनं ते शेवटचं पान हळूच चाचपलं. मग विचारलं, "हे कुणाच्या कधी लक्षात आलं नाही. तू कसं पाहिलंस, बाई?"

"मी शेवटी असते ना, आजी. शेवटच्याला सगळे दिसतात."

"मग उंबराखालचं घर तुझंच," हत्तीण म्हणाली.

मोर खाली मान घालून निघाला होता. सायाळीनं त्याला थांबवलं आणि आपला एक काटा त्याच्यापुढे धरला. "उद्यापासून रांगेत या माझ्याशेजारी. जरा लांब बसा, टोचेल. त्या सुंदर नावाखालची पहिली ओळ तिथेच लिहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोहावर रांग नव्हती तेव्हा, सायाळ नव्या घरात पानं लावत होती. धाकटं एकटंच बाहेर पडलं. दहा पावलं चाललं, मध्ये कुठे बसलं नाही, पोटभर पाणी प्यायलं आणि ओल्या हनुवटीनं परत येऊन आईला बिलगलं.

"आई," ते म्हणालं, "आलं बघ पाणी आपल्याकडे."

तात्पर्य : सवडीची वाट पाहणाऱ्याची गोष्ट मनातच राहते; हाती आलेली थोडीशी फावली घटकाही जो रोज कारणी लावतो, त्याचं लिहिणं पुरं होतं आणि त्याचं सुख घरच्यांनाही लाभतं.