सावत्र आईचा हट्ट

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ही गोष्ट घडली त्याला आता इतका काळ लोटला आहे की त्या गावाचं नावही कुणाला आठवत नाही. नदीच्या काठी कुंभारांची वस्ती होती. तिथे रावजी नावाचा कुंभार राहत असे. त्याची बायको वारली आणि मागे भिवा हा पोर उरला.

आईविना पोर म्हणून सगळे त्याचे लाड करायचे. कुणी गुळाचा खडा द्यायचं, कुणी बत्तासे. चिखलात खेळून तो तसाच ताटावर बसे. भाजी समोर आली की तोंड फिरवी. त्याचे हातपाय काटकुळे झाले, पोट तेवढं पुढे आलं. आठवड्यातला एखादा दिवसही पोटदुखीवाचून जात नसे.

मग रावजीने दुसरं लग्न केलं. घरात तुळसा आली. तिने भिवाकडे पाहिलं आणि तिच्या मनाने घेतलं, ‘हे पोर मी उभं करीन.’

पहिल्याच दिवशी भिवा मातीच्या हातांनी भाकरी मोडू लागला. तुळसाने ताट ओढून घेतलं. “आधी राखेने हात चोळून धू. मग जेव.”

“नाही धुणार!”

“मग मीही नाही जेवणार. दोघं उपाशी बसू.”

भिवा रडला, पाय आपटले, अंगणात लोळला. तुळसा जागची हलली नाही. दिवस कलला तेव्हा तो मुकाट्याने रांजणापाशी गेला. तुळसाने त्याच्या हातांवर पाणी घातलं, आपलेही हात धुतले, आणि दोघं एका ताटात जेवली.

तेव्हापासून तिने तोच नेम धरला. प्यायला उकळून गाळलेलं पाणी. सकाळी कडुनिंबाच्या काडीने दात घासायचे. भाकरीबरोबर माठाची नाहीतर चाकवताची पालेभाजी असायचीच. उन्हात मनसोक्त हुंदडायचं आणि दिवेलागण झाली की अंथरुणावर पडायचं. भिवा रोज कुरकुरायचा, आणि ती रोज तेच सांगायची.

पाणवठ्यावर बायका कुजबुजू लागल्या. “सावत्र ती सावत्रच. पोराला गोड खाऊ देत नाही, रडवते नुसती.” तुळसाला ते ऐकू येई. घागर भरताना तिचे डोळे भरून येत.

रावजी म्हणाला, “अगं, लोक नावं ठेवतात. थोडं सैल सोड ना.”

“ठेवू देत नावं. पोराचं पोट दुखलं तर लोक नाही रात्रभर शेकत बसत.”

पाणवठ्यावरचे बोल रावजीच्या बहिणीच्या, ठकूआत्याच्या कानी गेले. ती तडक आली आणि भिवाला उराशी धरून म्हणाली, “माझ्या भावाच्या लेकराचे हाल मला बघवत नाहीत. मी याला घेऊन जाते.” रावजी खाली मान घालून उभा राहिला. तुळसाचं तिथे काही चाललं नाही.

आत्याकडे भिवाला रान मोकळं झालं. जत्रेतली माशा बसलेली जिलबी, तळ्याचं पाणी, हवं तेव्हा हवं ते. पौर्णिमेला तो गेला आणि अमावास्येच्या आतच निरोप आला, पोराला हगवण लागली आहे, उठवत नाही.

तुळसा तशीच निघाली. ऊन डोक्यावर घेत ती आत्याच्या दारी पोचली. भिवाचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. पण ती रडली नाही, कुणाला बोललीही नाही. तिने चूल पेटवली, पाणी उकळलं, हात धुतले आणि तांदळाच्या पातळ पेजेत मीठ घालून पोराला घोट घोट पाजू लागली. त्याने ओकून टाकलं की ती तोंड पुसे, थोडं थांबे आणि पुन्हा पाजी. तिसऱ्या दिवशी भिवाने डोळे नीट उघडले आणि भूक लागली म्हणाला.

आत्या दाराआड उभी होती. ती जवळ येऊन बसली. “मी त्याला मायेनेच दिलं गं सगळं.”

“ठाऊक आहे मला, वन्सं,” तुळसा म्हणाली. “पण मायेला जराशी शिस्त लावायला हवी होती.”

आत्या उठली, तिने आपल्या नातवंडांना रांजणापाशी नेलं आणि एकेकाचे हात चोळून धुवू लागली. धाकटी नात भोकाड पसरून रडली, तरी आत्याने तिचा हात सोडला नाही.

भिवा घरी परतला आणि पावसाळे उलटले तसा चांगला दणकट झाला. बापाबरोबर तो चाक फिरवू लागला. वस्तीतल्या बायका आपली किरकिरी पोरं घेऊन तुळसाच्या ओट्यावर येऊ लागल्या. त्यांना ती एवढंच सांगे, “सोपं आहे सगळं. फक्त एक दिवसही सोडायचं नाही.”

तात्पर्य: लेकराचा रुसवा आणि लोकांचे बोल सोसून जो त्याला रोज चांगली सवय लावतो, त्याचीच माया लेकराला निरोगी ठेवते.