लाल चिठ्ठीचा मानकरी

शिरोलीच्या एका फाउंड्रीत हुक्केरी मॅनेजर होते. आपल्या शौर्याबद्दल त्यांचा स्वतःचाही गैरसमज नव्हता. घरी कुकरची शिट्टी झाली तरी ते दचकायचे.

मालक मगदूमअण्णांना आपल्या कानाचा भारी अभिमान. साच्यात ओतलेलं पंपाचं प्रत्येक कास्टिंग ते स्वतः हातोडीने ठोकत, आवाजावरून चीर ओळखत आणि मगच माल सोडत. तेही दुपारची झोप झाल्यावर.

हे अण्णा पुण्याहून 'व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग' शिकून आले. "भट्टीपासून ट्रकपर्यंत मालाची वाट भिंतीवर काढा," त्यांनी फर्मावलं. "वाटेत जे नुसतं थांबलेलं दिसेल, त्याला लाल चिठ्ठी लावा. एक जरी सुटलं, तर तुमची नोकरी सुटली समजा!"

हुक्केरी त्या वाटेने निघाले, ते अण्णांच्या बंद केबिनपाशी अडले. बाहेर कास्टिंगची रास पडली होती. त्यांनी राशीला चिठ्ठी लावली, दाराकडे नेलेला हात मागे घेतला आणि दुसरी चिठ्ठी स्वतःच्याच शर्टाला लावली.

डोळे चोळत अण्णा बाहेर आले. "हे काय सोंग, मॅनेजर?"

"जेवण झाल्यापासून मीही इथंच थांबलोय, अण्णा."

कामगार हसले. अण्णांचा पारा चढला. "मग चिठ्ठी माझ्या दाराला का नाही लावलीत? भ्यालात?"

"भ्यालो तर खराच," हुक्केरी म्हणाले. "पण थांबलेल्याला लाल, एवढंच तुम्ही सांगितलंत. थांबवणाऱ्याला कुठला रंग, ते सांगायचं राहिलं."

अण्णांनी हातोडी त्यांच्या हातात दिली. पहिला टोला पडला, आणि हाणणारेच दचकले.